पुढच्या वर्षीचा अहवाल

अहवाल संध्याकाळपर्यंत द्यायचा होता आणि विश्लेषकाने आतापर्यंत फक्त स्वतःचं नाव लिहिलं होतं. क्लाउड आणि वेबसाइटच्या धंद्यात येत्या वर्षी काय घडणार, हे कंपन्यांना आगाऊ सांगायचं, हे त्याचं काम. ऑफिसात त्याला सगळे ‘हवामान खातं’ म्हणत. त्यातली टोचणी त्याला कळायची, पण खात्याला निदान पगार असतो, असं म्हणून तो गप्प बसायचा. यंदा पगाराचीच पंचाईत होती. साहेबांनी बैठकीत सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, की या खेपेला काही नवं आलं नाही, तर पुढचा अहवाल मशीनकडून लिहून घेऊ.

घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून तो बसला होता. काहीच सुचेना, तेव्हा निदान वेबसाइटवर पान तरी तयार झालंय का ते बघावं, असं त्याला वाटलं. गेल्या वर्षीच्या अहवालाचा पत्ता त्याने टाकला, शेवटच्या आकड्याच्या जागी येतं वर्ष लिहिलं आणि एंटर दाबलं.

अहवाल तिथे होता. अख्खा. येत्या वर्षाचा. वर त्याचं नाव आणि त्याचा हसरा फोटो.

त्याने पहिलं वाक्य वाचलं. ‘प्रश्न आता क्लाउडवर जायचं की नाही हा नाही, किती लवकर जायचं, हा आहे.’ त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. हे वाक्य त्याला आजच सकाळी दात घासताना सुचलं होतं, आणि ते त्याने कोणालाही सांगितलेलं नव्हतं. सांगणंही शक्य नव्हतं, तोंडात फेस होता.

तो विज्ञानाचा पदवीधर होता, त्यामुळे घाबरण्याआधी त्याने प्रयोग करायचं ठरवलं. डोळे घट्ट मिटून त्याने अहवालाचा शेवट ठरवला: ‘थांबला तो संपला.’ मग पान तळापर्यंत सरकवून एक डोळा उघडला. तळाशी तेच लिहिलं होतं.

आई स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत होती.

“आई, माझा अहवाल मी लिहायच्या आधीच कोणीतरी लिहिलाय.”

“बरा आहे का?”

“हुबेहूब माझ्यासारखा आहे.”

“मग नवीन असेल बिचारा. शिकेल हळूहळू.”

ऑफिसात वेबसाइट सांभाळणारी एक मुलगी होती, तिला सगळे वेबवाली म्हणत. तिला विचारावं म्हणून त्याने लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, ‘हे कोणी टाकलं?’ घाईत ते ऑफिसच्या ग्रुपवर गेलं. साहेबांना संदेशाची पहिली ओळ वाचायची सवय होती आणि पहिली ओळ लिंकची होती. थोड्याच वेळात त्यांचा फोन आला. अहवाल झकास झालाय, यंदा अगदी ताजा विचार आहे, सगळ्यात मोठ्या ग्राहकालाही पाठवून दिलाय, तोही खूश आहे, असं सगळं एका दमात सांगून त्यांनी फोन ठेवला. विश्लेषकाला ‘तो मी लिहिला नाही’ म्हणायला फट मिळाली नाही.

मग वेबवालीचा फोन आला. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

“आज आमच्याकडून कोणीच काही टाकलेलं नाही. सर्व्हरच्या नोंदीत एवढंच दिसतंय, की कोणीतरी ते पान मागितलं आणि त्या क्षणी ते तयार झालं.”

“कोणी मागितलं?”

ती जरा घुटमळली. “तुमच्या घरातून मागितलंय.”

त्याने सावकाश मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. स्वयंपाकघराचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून ओल्या मातीचा वास येत होता. पाणी घालणं थांबलं होतं. “आई?” त्याने विचारलं. मग दार पूर्ण उघडलं आणि आई रिकामी झारी घेऊन बाहेर आली. “ओरडतोस कशाला,” ती म्हणाली, तो ओरडला नव्हता तरी.

फोनच्या पलीकडे कळफलक खडखडत राहिला. मग वेबवालीने हुश्श केलं.

“सापडलं. तुम्हीच सांगितलं होतं ना मला, की दरवर्षी आकडा बदलायला विसरतो, म्हणून मजकुरात वर्ष आपोआप यावं? तसं केलंय. आणि मागितलेल्या वर्षाचा अहवाल नसला, तर पान कोरं दिसू नये म्हणून सगळ्यात शेवटचा दाखवायचा. हा तुमचा गेल्या वर्षीचाच अहवाल आहे हो.”

“पण पहिलं वाक्य मला आज सुचलं.”

“गेल्या वर्षीही सुचलं असेल,” ती हळूच म्हणाली.

फोन ठेवल्यावर त्याने आणखी पुढचं वर्ष टाकून पाहिलं. अहवाल हजर. निवृत्तीचं वर्ष टाकलं. हजर. मग, बोट जड झालेलं असताना, त्याने स्वतःच्या नव्वदीचं वर्ष टाकलं. फोटोतला तो तसाच तरुण हसत होता आणि प्रश्न किती लवकर जायचं हाच होता.

आई मागे येऊन उभी राहिली. “मी शंभरीची होईन ते वर्ष टाक,” म्हणाली. त्याने टाकलं. तिने चष्मा सावरून वाचलं, ‘या वर्षी बदलाचा वेग अभूतपूर्व असेल.’

“म्हणजे मी गेल्यावरही तुझी घाईच चाललेली,” ती म्हणाली आणि झारी भरायला आत गेली.

त्याने साहेबांना फोन लावून सगळं खरं सांगितलं.

“म्हणजे नुसतं वर्ष टाकलं की अहवाल तयार? दरवर्षी?”

“हो साहेब.”

“खर्च?”

“काही नाही.”

विश्लेषकाला ऑफिसातली स्वतःची खुर्ची सरकल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

“मग मशीन तरी कशाला घ्यायचं?” साहेब म्हणाले. “आहे तेच राहू दे. तुझं काय करायचं ते उद्या बघू.”

मशीन आपली जागा घेईल, ही भीती त्याने वर्षभर बाळगली होती. जागा घेतली होती त्याच्याच गेल्या वर्षाने.

त्याने कोरं पान उघडलं. ठरलेली वाक्यं रांगेने आली आणि त्याने ती एकेक करून परत पाठवली. शेवटी, बाहेर उन्हं उतरत असताना, त्याने एक वाक्य लिहिलं, जे त्याने आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं: ‘या वर्षी काय होणार, ते मला माहीत नाही.’ आणि खाली, काय काय माहीत नाही, ते नीट, मुद्देसूद लिहिलं. लिहिता लिहिता अहवाल नेहमीपेक्षा लांबला. वेबवालीला पाठवून, साहेबांना न विचारता वेबसाइटवर चढवायला सांगितलं.

“नक्की?” तिने विचारलं.

“चढव.”

मग त्याने पुन्हा नव्वदीचं वर्ष टाकलं. पान उघडलं. फोटोतला तरुण तसाच हसत होता आणि खाली लिहिलं होतं: ‘या वर्षी काय होणार, ते मला माहीत नाही.’

आईने तिच्या शंभरीचं वर्ष पुन्हा टाकायला लावलं. तिथेही तेच होतं.

“हे मात्र खरं ठरेल हो तुझं,” ती म्हणाली.

टेबलावरचा फोन थरथरू लागला. पडद्यावर ‘साहेब’ अशी अक्षरं उमटली. ते काय म्हणणार, ते त्याला माहीत नव्हतं.