पॅनलच्या मागच्या दाराचं कुलूप

कुलपातलं मला कळतं. आता हे मी कुणाला सांगत नाही. पण त्या दिवसापर्यंत सांगत होतो, आणि समोरचा उठून जाईपर्यंत सांगत होतो.

आमचा पुठ्ठ्याचे खोके बनवायचा कारखाना. तिथलं विजेचं काम माझे सासरे बघतात आणि त्यांच्या हाताखाली मी. म्हणजे घरी त्यांचा जावई, कारखान्यात त्यांचा मदतनीस, दोन्हीकडे मान खाली. सासऱ्यांचे गुडघे पार गेलेत आणि पॅनलरूम वरच्या मजल्यावर, बावीस पायऱ्या. दोन वर्षांपासून ते मालकांच्या मागे लागले होते, की मला आता मोकळं करा. मालक म्हणायचे, "करतो की. तुमची जागा घेणारा माणूस दाखवा." सासरे माझ्याकडे बोट दाखवायचे. मालक मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळायचे आणि म्हणायचे, "बघू."

त्या 'बघू'त दोन वर्षं गेली. माझ्यावर सासऱ्यांचे गुडघे अडकले होते हो! सासूबाई मला काही बोलायच्या नाहीत. फक्त रोज संध्याकाळी नवऱ्याच्या गुडघ्यांना तेल चोळताना मी समोर असलो, तर जरा जास्त वेळ चोळायच्या.

आता पॅनल म्हणजे काय, ते सांगतो. माणसापेक्षा उंच लोखंडी कपाटं, त्यांच्या पोटात अख्ख्या कारखान्याची वीज. आमच्याकडे अशी बारा कपाटं एका ओळीत उभी आहेत. त्यांच्यामागे भिंतीलगत एक अरुंद बोळ, आणि बोळाच्या टोकाला लोखंडी दार. हा बोळ बारा महिने उबदार असतो. त्यामुळे कामगार तिथे ओले मोजे वाळत घालायचे. ही गोष्ट कारखान्यात सगळ्यांना माहीत होती, मालक सोडून. एक दिवस मालक मोठ्या गिऱ्हाइकाला कारखाना दाखवायला घेऊन आले, कौतुकाने ते मागचं दार उघडलं, आणि आत चार मोजे नि एक बनियन.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. "सगळ्या दारांना चांगली कुलपं बसव. तूच निवड. सासऱ्यांना विचारायचं नाही. हे तुला जमलं तर त्यांना या महिन्यात मोकळं करतो."

झालं. मी तीन कॅटलॉग घरी आणले. आमची जुनी कुलपं होती त्रिकोणी खुंटीची; सगळ्यांना मिळून एकच चावी, आणि चावी सापडली नाही तर पकडीने पिळून उघडायची. मी म्हटलं, ही काय कुलपं आहेत? मी प्रत्येक कपाटाला वेगळी चावी निवडली. दारांच्या कडेला जाड रबर पट्टी निवडली. दारांमधल्या हवेच्या झडपांना इतकी बारीक जाळी निवडली, की मुंगीनेसुद्धा परत जाऊन दुसरा रस्ता शोधावा. आणि बोळाच्या दाराला तर सगळ्यात भारी कुलूप. दार सोडलं की आपोआप लागणार, लागलं की आपोआप कुलूपबंद होणार. उघडायला चावी पाहिजे, आणि चावी लावायची ती फक्त बाहेरून.

रविवारी सासरी गेलो होतो, तेव्हा न राहवून मी सासऱ्यांना चित्र दाखवलंच. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"आतून कसं उघडतं?"

"आतून उघडतच नाही, बाबा. तीच तर खुबी आहे."

"आतून ढकललं की उघडणारी कडी मिळते. ती घे."

"म्हणजे चोराची सोय."

"चोर आत गेला कसा?"

मग मी विषय बदलला. जावई असण्याचा तेवढा एक फायदा असतो.

कुलपं बसली. चकचकीत दिसत होती. मालक येऊन बघून गेले, एकदा हुं म्हणाले, आणि पुढच्या शुक्रवारी दुपारी सासऱ्यांचा निरोपसमारंभ ठरला. भाषणं झाली की मालक सगळ्यांसमोर कपाटांच्या चाव्यांचा जुडगा माझ्या हातात देणार, की सासरे मोकळे. सासरे तर आठ दिवस भाषणाची तयारी करत होते. एरवी हा माणूस दिवसातून दहा शब्द बोलतो, आणि त्यातले चार "पक्कड दे" हेच असतात.

समारंभ पॅनलरूमला लागूनच असलेल्या जेवणाच्या हॉलमध्ये होता. सासूबाई आल्या होत्या, बायको आली होती. बायकोने फोटो काढायला माझा फोन घेतला, कारण तिच्या फोनमध्ये माणसं काळी येतात म्हणे. मी म्हटलं, अजून दहा मिनिटं आहेत, तेवढ्यात कुलपांवरून एक हात फिरवून येऊ. फिरवला. बोळाचं दार उघडलं, ते पायाने अडवून आतली चौकट पुसली, बाहेर आलो. मग आठवलं, फडका आतच राहिला. नव्या कुलपाच्या दारामागे फडका! मोजे काय नि फडका काय. मी पुन्हा चावी लावली, ती खिशात टाकली आणि घाईत दार न अडवताच आत गेलो.

मागे हलकासा 'टक्' असा आवाज झाला. फार सुंदर आवाज होता. कॅटलॉगमध्ये त्याचा खास उल्लेख होता.

मी ढकललं. मग खांदा लावला. मग दारावर थापा मारल्या, पण खाली मशीन चालू होती. तिच्यापुढे माझ्या थापा कोण ऐकणार? डाव्या हाताला बारा कपाटांच्या पाठी, त्यांच्यात जिवंत वीज. उजव्या हाताला भिंत, आणि भिंतीपलीकडून माइकवर मालकांचा आवाज. मी अंग चोरून उभा राहिलो आणि स्वतःचा निरोपसमारंभ असल्यासारखा सगळा कार्यक्रम ऐकला.

"जावई कुठे आहेत?" मालकांनी विचारलं. हॉलमध्ये कुजबुज. बायकोने मला फोन लावला. माझा फोन तिच्याच पर्समध्ये वाजला.

मग सासरे बोलायला उभे राहिले. घसा खाकरला. म्हणाले, इथे तीस वर्षं झाली. म्हणाले, कुणाचं बोट कधी भाजू दिलं नाही. खरं सांगतो, मला भडभडून आलं. आता हे संपणार, मालक जुडगा उचलणार, माझी खुर्ची रिकामी असणार; जावयाला जागा नकोय असंच सगळे म्हणणार, आणि या माणसाची सुटका माझ्यापायी पुन्हा हुकणार.

बोळात एक लाल बटण आहे. ते दाबलं की सगळ्या कारखान्याची वीज बंद. आत कुणी अडचणीत सापडला तर त्याचा हात पोचावा, म्हणून ते सासऱ्यांनीच बसवून घेतलं होतं. मी म्हटलं, मिनिटभर वीज गेली, तर काय मोठंसं बिघडतंय? माणसं धावत येतील, दार उघडतील, मी पळत जाऊन खुर्चीत बसेन.

"आणि हे सगळं जावयाच्या हाती सोपवताना," सासरे म्हणत होते, "मला..."

मी बटण दाबलं.

माइक गेला, दिवे गेले, खाली मशीन एक लांब सुस्कारा टाकून थांबली. त्यांना 'मला' काय वाटत होतं, ते आजतागायत मला कळलेलं नाही. विचारायची हिंमत नाही.

माणसं मात्र खरोखर धावत आली. दारापलीकडे मालकांचा आवाज. "आत कोण आहे?"

"मी."



"चावी कुठेय?"

"माझ्या खिशात."

"दुसरी?"

"तीही. हरवू नये म्हणून दोन्ही एकाच कडीत अडकवल्यात."

"दाराखालून सरकव."

"रबर पट्टी आहे."

"जाळीतून दे."

"जाणार नाही, साहेब. मुंगीसुद्धा जात नाही."

मग काठीचा टकटक आवाज जवळ आला. सासरे. मास्तरांनी धडा विचारावा तसं म्हणाले, "दाराच्या बिजागऱ्या कुठल्या बाजूला आहेत रे?"

मी अंधारात दार चाचपलं. आतून नुसता गुळगुळीत पत्रा. "बाहेरच्या," मी म्हटलं, आणि तिथेच माझ्या लक्षात आलं, की तीन कॅटलॉगांमध्ये मी कुलपं बघितली, कड्या बघितल्या, रबर बघितलं. बिजागऱ्यांचं पान उलटून पुढे गेलो होतो.

नवा शर्ट घातलेला तो माणूस, ते गुडघे घेऊन, जमिनीवर बसला. पलीकडून दोनच शब्द ऐकू आले. "पक्कड दे." तीन मिनिटांत त्यांनी बिजागऱ्यांच्या खिळ्या उपसल्या आणि अख्खं दार उचलून भिंतीला टेकवून ठेवलं. कुलूप अजून लागलेलंच होतं. त्याची काही तक्रार नव्हती.

मी बाहेर आलो, हातात फडका. समोर मालक मोबाइलचा दिवा धरून उभे. खाली तोपर्यंत कागद तापलेल्या रोलरांना चिकटून करपला होता, खळ पिंपात घट्ट होऊन बसली होती. ती खरवडायला दोन दिवस लागले. पण मालक माझ्यावर ओरडले नाहीत. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सासऱ्यांना हात देऊन उठवलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "अजून एक वर्ष काढा. तुमच्या पाया पडतो."

सासऱ्यांनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी मुलीकडे बघितलं. मुलीने माझ्याकडे बघितलं. माझ्यामागे कुणी नव्हतं.

"बरं," सासरे म्हणाले.

जिना उतरताना मी त्यांचा दंड धरला होता. बावीस पायऱ्या. अकराव्या पायरीवर ते दम खायला थांबले. मी म्हटलं, "बाबा, चुकलं."

"हं," ते म्हणाले. मग बराच वेळ गुडघा चोळत राहिले. "पुढच्या वर्षी माझा निरोप असेल, तेव्हा एक कर."

"सांगा ना, बाबा."

"त्या दिवशी रजा टाक."

अर्ज मी दुसऱ्याच दिवशी दिला. मालकांनी त्याच्यावर सही केली. कारणाचा रकाना मी भरायचा विसरलो होतो, पण ते त्यांनी विचारलंच नाही.