न पाहिलेला पास

जोएल क्रॉशॉ आयुष्यातला पहिला व्यावसायिक सामना खेळायला मैदानात उतरला, त्या क्षणी त्याचे आजोबा क्लिफर्ड एन्टविसल मुतारीत उभे होते.

यात त्यांचा दोष होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्या मोसमात जोएल ब्रॅकनशॉ टाउनच्या बदली खेळाडूंच्या बाकावर चौदा वेळा बसला होता आणि चौदाही वेळा न खेळता घरी आला होता. त्या चौदा सामन्यांत क्लिफर्डनी आठव्या रांगेतली आपली खुर्ची शिट्टी होईपर्यंत एकदाही सोडली नव्हती. गारा पडल्या तेव्हा नाही, पायात गोळा आला तेव्हा नाही. शेजारच्या बर्नार्डला चक्कर आली, तेव्हासुद्धा त्यांनी एक डोळा बाकावर ठेवून बसल्या बसल्या त्याला टोपीनं वारा घातला होता.

पण फेब्रुवारीतला तो शनिवार हाडं गोठवणारा होता आणि बर्नार्डच्या थर्मासमधला तीन कप चहा क्लिफर्डच्या पोटात गेला होता. शेवटची पाच मिनिटं उरली. संघ तीन गोलांनी मागे होता. बदलता येणाऱ्या तीन खेळाडूंपैकी दोन मॅनेजरनं आधीच बदलले होते आणि तिसरा, किअरन नावाचा एक दांडगट, जॅकेट काढून रेषेजवळ उड्या मारत होता. म्हणजे जोएलचा नंबर आजही लागणार नव्हता.

"जा की आता," बर्नार्ड म्हणाला. "मघापासून चुळबुळ चाललीय तुझी. खुर्ची हलतेय माझी."

क्लिफर्ड गेले. आणि नको त्या वेळी भिंतीवरचा कर्णा खरखरला. "एकतीस नंबर, जोएल क्रॉशॉ."

किअरन आत जाणार तेवढ्यात मधल्या फळीतला डॉसन मांडी धरून खाली बसला होता, म्हणून मॅनेजरनं किअरनला परत बसवून जोएलला उभं केलं होतं. हे सगळं क्लिफर्डना नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की काही कामं अर्ध्यावर सोडता येत नाहीत, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती घाईनं उरकताही येत नाहीत.

बाहेर पडल्यावर अठ्ठावीस पायऱ्या होत्या. तीन गोलांनी हरणाऱ्या संघाचे लोक शिट्टीची वाट बघत नाहीत. ते सगळे समोरून खाली उतरत होते. "जाऊ द्या हो, माझा नातू आहे आत," असं म्हणत क्लिफर्ड एकेक पायरी वर चढत होते, आणि लोक त्यांना "काही बघण्यासारखं नाही आजोबा, घरी जा," असा प्रेमाचा सल्ला देत होते. ते वर पोचले आणि सामना संपला.

"आला होता," बर्नार्ड म्हणाला.

"ते कळलं. खेळला कसा?"

"झकास. एक पास दिला बघ, उजवीकडून पार तिकडे डावीकडे. लांबच्या लांब."

"तोच होता ना नक्की?"

"केस तर तसेच होते."

गुरुवारी बर्नार्ड स्वतःच्या चष्म्यावर बसला होता आणि एका काचेवर दिवस ढकलत होता. शिवाय मैदानावरच्या निम्म्या पोरांचे केस तसेच होते. एरवी क्लिफर्डनी या साक्षीदाराला दारातही उभं केलं नसतं. पण त्यांना काहीतरी हवं होतं. अकरा वर्षं, दर मंगळवारी आणि गुरुवारी, त्यांनी त्या पोराला आपल्या पाव पोचवायच्या जुन्या व्हॅनमधून सरावाला नेलं होतं आणि व्हॅनमध्ये शब्दकोडं सोडवत, पाय चोळत त्याची वाट बघितली होती. सख्ख्या भाचीच्या लग्नातून ते केक कापायच्या आधी उठले होते. हे सगळं आजच्या चार मिनिटांसाठी होतं, आणि ती चार मिनिटं त्यांनी पांढऱ्या फरशीकडे बघत काढली होती. हे जोएलला कळता कामा नये, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

खिशातला फोन वाजला. त्यांची मुलगी हेदर, जोएलची आई, हॉस्पिटलमधून बोलत होती. शनिवारी तिची ड्यूटी असे.

"बाबा, उतरला म्हणे तो! सात नंबरच्या पेशंटनं रेडिओवर ऐकलं. पाहिलंत ना तुम्ही?"

"पाहिलंत काय विचारतेस. समोर बसलो होतो."

"सांगा ना मग, काय केलं त्यानं?"

ती रडत होती. रडणाऱ्या मुलीला केसांवरून ओळखलेला पास कसा सांगणार? क्लिफर्डनी तो जरा नीटनेटका करून सांगितला.

संध्याकाळी जोएल घरी आला तेव्हा टेबलावर चिप्स, मटार आणि भरपूर ग्रेव्ही तयार होती. तो मान खाली घालून बसला आणि बराच वेळ एकच चिप ग्रेव्हीत फिरवत राहिला.

"पाहिलंत, आजोबा?" त्यानं ताटाकडे बघतच विचारलं.

"पाहिलं म्हणजे! तो पास."

जोएलचा काटा थांबला. "कुठला पास?"

"कुठला म्हणे. आता लाजतोस कशाला?" आणि क्लिफर्डनी मीठदाणी, मिरपूड आणि सॉसची बाटली मांडून उजवीकडून डावीकडे पन्नास यार्डांचा पास दाखवला. चेंडू सॉसच्या बाटलीच्या डोक्यावरून गेला आणि बशीच्या कडेवर अलगद उतरला. जोएल सगळं नीट बघत होता.

"आवडला तुम्हाला?"

"आवडला? अरे, सार्थक झालं."

"मग बरं," जोएल म्हणाला, आणि त्यानं दोन वेळा चिप्स मागून घेतले.

इथेच थांबले असते तर निभावलं असतं. पण सोमवारी क्लिफर्ड केस कापायला गेले आणि ट्रेव्हर न्हाव्यानं विषय काढला. त्याच्या खुर्चीत तो पास साठ यार्डांचा झाला. बुधवारी क्लबात त्याला समोरून वारा लागला. गुरुवारी तो प्रतिस्पर्ध्याच्या कानाला चाटून वळला, आणि बर्नार्डनं टेबलावर हात आपटून ग्वाही दिली, "मी शेजारीच होतो. कान मी पाहिला." त्याच दिवशी गावच्या साप्ताहिकातली फिलिपा नावाची मुलगी दार वाजवून आली. तिला खेळाडूच्या घरच्यांवर काहीतरी गोड लिहायचं होतं. शुक्रवारी थर्मास हातात धरलेल्या क्लिफर्डचा फोटो छापून आला आणि त्याखाली ठळक अक्षरांत त्यांचं वाक्य: 'असा पास मी साठ वर्षांत पाहिला नाही.'

हे वाक्य मात्र अक्षरशः खरं होतं.

ते कात्रण कपडे बदलायच्या खोलीत लागलं. मॅनेजर ड्युगन हा ग्लासगोचा, वर्षातून दोनदा हसणारा माणूस. त्यानं ते दोनदा वाचलं आणि जोएलला बोलावलं.

"ती चार मिनिटं मी पण मैदानाकडेच बघत होतो," तो म्हणाला. "पण हा पास माझा बघायचा राहून गेला. मला दाखव."

सराव संपला की रोज तीस पास, उजवीकडून डावीकडे. पहिल्या दिवशीच्या चौथ्या पासनं माळीकाकांच्या शेडची खिडकी फोडली. बाकीची पोरं ओळीनं उभी राहून "कान सांभाळा रे," म्हणून ओरडत.

"आजोबा, तुमच्यामुळे रोज अर्धा तास जास्त थांबतोय मी," जोएल घरी येऊन सांगे.

क्लिफर्ड नजर चुकवत विचारत, "का? साहेबाचा विश्वास नाही बसला?"

"बसला की. त्यांना परत बघायचाय."

मार्च उजाडला आणि हेदरनं घात केला. संघाच्या ऑफिसातल्या कुणाला तरी गाठून तिनं त्या सामन्याची डीव्हीडी मिळवली. "रविवारी तिघं मिळून बघू," ती म्हणाली. "मला तो पास बघायचाय, बाबा. वॉर्डात सगळ्यांना तोंडपाठ झालाय, फक्त मीच पाहिला नाही."

रविवारी सकाळी क्लिफर्डनी टीव्हीच्या प्लगमधला फ्यूज काढून बिस्किटांच्या डब्यात, पार तळाशी लपवला. दुपारी टीव्ही लागेना. "जुना झाला बिचारा," क्लिफर्ड हळहळले. "चहा तरी घेऊ," हेदर म्हणाली. जोएल बिस्किटं आणायला आत गेला. बाहेर आला तो बशीत सहा बिस्किटं आणि मुठीत फ्यूज घेऊन. तो टीव्हीमागे वाकला, प्लग उघडून फ्यूज जागेवर बसवला आणि येऊन आजोबांच्या शेजारी बसला. क्लिफर्डनी एक बिस्किट उचललं आणि ते तसंच हातात धरून ठेवलं.

रात्रपाळी करून आलेली हेदर दुसऱ्या गोलालाच खुर्चीत झोपली. शहाऐंशीव्या मिनिटाला पडद्यावर जोएल रेषेजवळ उभा राहिला. दोन उड्या मारल्या, मोजे वर ओढले. मग तो वळला आणि वर, प्रेक्षकांकडे बघू लागला. बराच वेळ बघत राहिला. शेवटी अधिकाऱ्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली तेव्हा तो आत गेला.

पुढची चार मिनिटं तो डावीकडे पळाला, उजवीकडे पळाला, हात वर करून चेंडू मागितला. कुणी दिला नाही. शिट्टी झाली.

"चेंडू आलाच नाही तुझ्याकडे," क्लिफर्ड हळूच म्हणाले.

"नाही."

"एकदाही?"

"एकदा जवळून गेला."

हेदर झोपेत कुशीवर वळली. क्लिफर्डनी आवाज आणखी खाली आणला. "आत जायच्या आधी वर काय बघत होतास?"

"तुमची जागा."

क्लिफर्डनी हातातलं बिस्किट बशीत ठेवलं.

"बर्नार्डकाका दिसले. शेजारी नुसता थर्मास होता."

"मुतारीत होतो रे," क्लिफर्ड म्हणाले. "तीन कप चहा. अकरा वर्षं मी..."

"मला वाटलंच होतं."

"मग त्या दिवशीच का नाही बोललास? गावभर बोंबलत फिरू दिलंस मला."

जोएलनं बशीतला चुरा बोटानं गोळा केला. "काय बोलणार? अकरा वर्षं व्हॅनमधून नेलंत मला, आणि मी चेंडूला पाय न लावता घरी आलो. बसमध्ये तेच डोक्यात होतं, आजोबांना काय सांगायचं. घरी आलो तर तुम्ही सॉसची बाटली घेऊन तो पास दाखवायला लागलात. किती छान होता तो. म्हटलं, असू दे. आपलाच आहे."

क्लिफर्डना लाज वाटली. पण त्या लाजेपेक्षा मोठी माया त्यांच्या छातीत दाटून आली, आणि ती कुठे ठेवावी हे न कळून त्यांनी नातवाचा गुडघा दोनदा थोपटला.

"तुझ्या आईला सांगायचं?"

"झोपू दे तिला," जोएल म्हणाला.

एप्रिलच्या शेवटी मोसमातला घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना होता. क्लिफर्डनी आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. बर्नार्डनं नव्या चष्म्यातून बघत थर्मास पुढे केला, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं तो खुर्चीखाली सारला.

त्रेसष्टाव्या मिनिटाला एकतीस नंबर रेषेजवळ आला. मोजे ओढले, वळला, वर बघितलं. क्लिफर्ड उठून उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.

"बसा हो आजोबा, दिसत नाही," मागून कुणीतरी म्हणालं.

"बसणार नाही," क्लिफर्ड म्हणाले. "त्याला दिसलो पाहिजे."

सहा मिनिटांनी चेंडू जोएलकडे आला. त्यानं तो थांबवला, मान वर केली, आणि उजवीकडून पार तिकडे डावीकडे पाठवला. साठ यार्ड नव्हते, चाळीस असतील. वारा नव्हता. कुणाचा कान जवळपास नव्हता. पण चेंडू गेला आणि धावत्या खेळाडूच्या पुढ्यात असा पडला की त्याला पाऊलही आखडावं लागलं नाही. त्या खेळाडूनं पुढे तो गोलवरून थेट बाहेरच्या गाडीतळावर मारला, पण त्याला पास देणारा काय करणार? खाली ड्युगननं खिशातून वही काढून काहीतरी लिहिलं. त्या वर्षी तो तिसऱ्यांदा हसला, असं जवळ बसलेल्यांचं म्हणणं आहे.

क्लिफर्ड हळूच खाली बसले.

संध्याकाळी टेबलाशी चौघं होते. हेदरनं मुद्दाम दुपारनंतरची सुट्टी काढली होती, पण तिच्या जागी येणारी उशिरा आल्यामुळे ती मैदानावर पोचली तेव्हा सामना संपला होता. बर्नार्ड चिप्सच्या वासानं आला होता. जोएलनं आजोबांकडे बघितलं.

"कसा होता, आजोबा?"

सगळे थांबले. क्लिफर्डनी तोंड उघडलं. मीठदाणी समोर होती, सॉसची बाटली हाताशी होती. दोन महिने गावभर सांगून सगळे शब्द त्या दुसऱ्या पासवर खर्च झाले होते, आणि हा तर त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. त्यांनी बाटलीला हात लावला आणि तो परत घेतला.

"बरा होता," ते म्हणाले, आणि साखरेचं भांडं शोधू लागले. ते त्यांच्या कोपराशीच होतं.

"चांगला होता," बर्नार्ड म्हणाला. त्यानं नवा चष्मा रुमालानं पुसला. "पण खरं सांगू का पोरा? पहिल्या सामन्यातल्याची सर नाही याला."

हेदरनं मान डोलावली. क्लिफर्डनी घाबरून नातवाकडे पाहिलं.

"पहिल्याची सर कुठून येणार, काका," जोएल म्हणाला, आणि त्यानं आजोबांच्या कपात काठोकाठ चहा ओतला.