उशीखालचं व्हय

दुपारी जेवणं झाल्यावर निवृत्त हवालदार अर्जुना शेळके यांनी खोलीचं दार आतून लावलं, लेकीचा ब्लूटूथ स्पीकर उशीखाली सारला आणि उशीवर कान ठेवला. बाहेर बजावून ठेवलं होतं, "बीपी वाढलंय. कुणी हाक मारायची न्हाई."

'न्हाई' हा त्यांचा आवडता शब्द. रहिमतपुरात त्यांच्याकडे काही मागायला येणारा माणूस चप्पल पायातच ठेवायचा; लगेच परत फिरायचंच असायचं.

सकाळीच लेकीला न्हाई म्हणून झालं होतं. शिवांजलीनं एका गाजलेल्या इंग्रजी रॉक गाण्याचा डब रिमिक्स, म्हणजे मोकळा-घुमणारा नवा अवतार, केला होता. तो वाजवायला सांगलीच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं होतं आणि आजच कळवायचं होतं. मूळ गाणं म्हणजे हवालदारांचा जीव की प्राण. फौजेत असताना जम्मूच्या बराकीत त्यांनी कॅसेट झिजवली होती.

"गिटार कुठाय?"

"काढली, आबा."

"आन गाणारा?"

"त्यालाबी काढला. ओळीच्या शेवटचा 'वे' तेवढा ठेवलाय. त्यो घुमत घुमत लांब जातो. मधल्या मोकळ्या जागंचीच मजा हाय."

"अख्ख्या गाण्याचं भुस्काट केलंस! सांगलीला जायचं न्हाई."

आणि आता उशीवर कान. तेच भुस्काट, पुन्हा पहिल्यापासून.

खालून बास येत होता, विहिरीतली मोटर पाण्याआडून ऐकावी तसा. मग काहीच नाही. मग

 

ही एवढी जागा. मग एक ठोका, आणि दरीत हाक मारावी तसा तो शब्द. काढलेली गिटार हवालदारांना मनातल्या मनात स्वच्छ ऐकू येत होती. पायाचा अंगठा हलायला लागला.

गोची एवढीच, की उशीतून आणि दारातून बाहेर पोचेपर्यंत त्या 'वे'चं 'व्हय' होत होतं.

बायको अंजनाबाई दाराशी आल्या. "आवं, झोपलाय का? लोणंदला भैनीकडं जाऊन येऊ का मी?"

धुम.

व्हय…
  व्हय…
    व्य…

अंजनाबाईंनी भिंत धरली. "आन आठवडाभर ऱ्हायले तर?"

व्हय…
  व्हय…

"शिवे, पळ! तुझ्या आबाला काय तरी झालंय. व्हय म्हनत्यात!"

शिवांजलीनं दाराला कान लावला आणि ओठ दाबले. "इचारून घे आई, अजून काय असंल तर."

तेवढ्यात शेजारचे नानासो आले. "हवालदार, फवारणीचा पंप नेऊ का?"

व्हय…

नानासोंनी चप्पल काढली. "मंग औंदा मंडळाचं अध्यक्षबी व्हा की!"

व्हय…

"मिरवणुकीत फेटा बांधून नाचणार?"

शांतता. गाण्यातली मोकळी जागा आली होती. तिघांनी श्वास धरला.

धुम.

व्हय… व्हय… व्हय… व्हय…

नानासो ओरडतच गल्लीत पळाले. थोड्या वेळात दारात फटाक्यांची माळ लागली. त्या आवाजानं हवालदार दचकून उठले, स्पीकर बंद केला आणि दार उघडलं. नानासोंनी लगेच गळ्यात हार घातला.

"अध्यक्षसायेब, लय उपकार झालं!"

"कोण अध्यक्ष? कोण व्हय म्हणालं?"

"तुमीच की! आत दुसरं कोण हाय?"

हवालदारांनी तोंड उघडलं. आत दुसरं कोण आहे हे दाखवायचं, तर उशी उचलावी लागणार होती. समोर लेक उभी. चेहरा साळसूद.

हवालदारांनी तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं.

"मीच," ते म्हणाले आणि हारासकट दार लावून घेतलं.

गर्दी पांगली. अंजनाबाई पिशवी भरायला गेल्या. शिवांजलीच्या हातातला फोन वाजायला लागला. सांगलीहून होता. ती दाराशी गेली.

"आबा, मी जाऊ का सांगलीला?"

आत धुम नाही, काही नाही. फोन वाजून वाजून थांबायच्या बेताला आला. मग दारामागून एक घोगरा आवाज,

"व्हय…
  व्हय…
    व्य…" आणि खोकला.

"नीट घुमलं न्हाई, आबा."

आत पितळी कळशी ओढल्याचा आवाज झाला. मग तोच 'व्हय' कळशीच्या तोंडातून आला, आणि चांगला लांबवर गेला.