सत्काराच्या चौकातला अलार्म

केरबा सरांनी एखादं काम हाती घेतलं, की त्यात चूक राहण्याची शक्यताच उरत नाही, असं खुद्द केरबा सरांचं मत होतं. तंत्रनिकेतनातून विद्युत शाखेची पदविका घेतल्यावर त्यांची उभी हयात तिथल्याच कार्यशाळेत मुलांना वायरी जोडायला शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर गावी परतल्यावर शिकवायला मुलं उरली नाहीत, म्हणून ते घरातल्या वस्तूंना शिस्त लावत.

त्यामुळे धाकटा भाऊ हणमंत फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त होतोय आणि गावच्या चौकात त्याचा सत्कार होणार आहे, हे कळताच सरांनी भाड्याच्या लाउडस्पीकरचा बेत मोडीत काढला.

"अँप्लिफायर माझ्या गाडीत बसवतो," ते म्हणाले. "माझ्या भावाच्या सत्काराला परक्याचा कर्णा नको."

यामागे नुसती हौस नव्हती. हणमंत रजेवर यायचा तो एक तर उसाची लागवड करायला, नाही तर आईला दवाखान्यात न्यायला. सर शहरात निर्धास्त नोकरी करू शकले ते त्याच्या रजांच्या जिवावर. हे उपकार तोंडानं बोलून दाखवणं त्यांना कधी जमलं नव्हतं. वायरीनं जमेल, अशी आशा होती.

सांगलीला जुन्या ओळखीच्या धन्यकुमारच्या दुकानातून त्यांनी अँप्लिफायर आणला, गाडीच्या टपावर बांधायचे दोन धिप्पाड स्पीकर आणले, आणि एवढं सामान राखायला चोरांना पळवून लावणारा अलार्मही आणला.

"आवं, ह्या गाडीला अलारम कशाला?" पत्नी म्हणाली. "चोरानं न्हेली तर आपणहून परत आणून सोडंल. वर डिझेलचं पैसं मागंल."

सरांनी लक्ष दिलं नाही. यंत्र नेहमी एकेकटं तपासावं, हा त्यांचा वर्गातला नियम. अलार्म बंद ठेवून त्यांनी अँप्लिफायर तपासला, आवाज खणखणीत. अँप्लिफायर बंद ठेवून अलार्म तपासला. बॉनेटवर चिमणी बसली तरी बोंब ठोकेल, इतका तो हळवा करून ठेवला. दोन्ही एकदम चालू करून पाहावेत, असं मात्र त्या नियमात कुठेच नव्हतं.

सत्काराच्या दिवशी सर स्वतः भावाला आणायला सांगलीच्या स्टेशनवर गेले. गाडीत बसताच हणमंतानं विचारलं, "दादा, आई बरी हाय न्हवं?"

"बरी हाय. गुडघं चालत न्हाईत, म्हणून उंबऱ्यातच बसलीया. तुला ओवाळल्याबिगर च्या सुदिक घेत न्हाई म्हणती."

"मग आदी घरीच जाऊया की."

"चौकात गाव खोळंबलंय रं. जरा दम धर, लगीच उरकतंय."

लगेच उरकणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. व्यासपीठावर माजी सरपंच आप्पासो बसले होते. आप्पासो बोलायला उभे राहिले, की गावातले जाणते लोक उसाला पाणी लावून परत येत, आणि त्यांचं काहीही चुकलेलं नसे. शिवाय आप्पासोंच्या पलीकडे आणखी वक्त्यांची रांग होती.

सरांनी गाडी व्यासपीठाला लागून उभी केली, माइकची वायर खिडकीच्या फटीतून बाहेर काढली आणि सवयीप्रमाणे रिमोटनं गाडी कुलूपबंद केली. आतला अलार्म जागा झाला.

आप्पासोंनी घसा साफ केला. "हिमालयाच्या बर्फात छाती काढून उभा राहिलेला आमचा हा वाघ..."

'वाघ' हा शब्द स्पीकरातून असा काही उसळला, की टप थरथरला आणि गाडी पोलिसांच्या व्हॅनसारखी किंचाळू लागली. पिंपळामागे पत्ते कुटणारे चौघे डाव तसाच टाकून गल्लीत गडप झाले.

सरांना बिघाड क्षणात उमगला. आप्पासोंच्या आवाजालाच गाडी चोर समजत होती. त्यांनी घाईघाईनं रिमोटचं बटण दाबून गाडी गप्प केली. पण गडबडीत बटण पुन्हा दाबलं गेलं आणि गाडी पुन्हा पहाऱ्यावर उभी राहिली.

"तर आमचा हा वाघ..."

या खेपेला अलार्मनं सूर बदलला, थेट रुग्णवाहिकेचा आवाज. गर्दीनं पटकन दुभंगून वाट करून दिली.

"सर, कुणाला न्ह्यायचं हाय?" मागून कुणीतरी विचारलं.

"आप्पासोंनाच न्ह्या," दुसरा म्हणाला.

"सर, पोरास्नी ह्येच शिकवत हुता व्हय?" तिसऱ्यानं भर घातली.

हशा पिकला. सरांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तेच बटण जरा वेळ दाबून धरलं असतं, तर अलार्म दिवसभरासाठी झोपला असता आणि उरलीसुरली अब्रू वाचली असती. अंगठा बटणावर टेकला होता. तेवढ्यात हणमंतानं त्यांचं मनगट धरलं.

"दादा, राहू दे."

"आरं, गाव हसतंय मला."

"हसू दे. आई बिनच्याची बसलीया."

सरांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा भावाकडे, आणि रिमोट खिशात टाकला.

पुढे आप्पासोंनी आवाज चढवायचा आणि गाडीनं त्यांना अडवायचं, असा सामना रंगला. अखेर आप्पासो वाघाला बर्फातच सोडून खाली बसले. पुढच्या वक्त्यानं दोन वाक्यांत शुभेच्छा दिल्या. त्याच्या पुढच्यानं नुसते हात जोडले आणि आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या मिळवल्या.

शेवटी हणमंत उभा राहिला आणि अगदी हळू बोलला. "तिकडं मला कवा घरची काळजी वाटली न्हाई. कारण हिकडं माझा थोरला भाऊ हुता."

गाडी गप्प होती. सरांनी चष्मा काढून उगाच पुसला. उपकाराचा हिशेब समोरूनही कुणी असाच मांडत असेल, हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

उंबऱ्यात आईनं, बनुबाईंनी, लेकाला ओवाळलं आणि चहाची बशी तोंडाला लावली. ती रिकामी होईपर्यंत दोघे भाऊ तिच्यासमोर नुसते बसून राहिले.

मग सर स्क्रू ड्रायव्हर घेऊन अंगणात आले. अलार्मचा हळवेपणा कमी करायला त्यांनी बॉनेट उघडलं, तोच फाटकातून आप्पासो आत आले. सरांनी माफी मागायला तोंड उघडलं. पण आप्पासोंनी त्यांना बाजूला घेतलं आणि इकडेतिकडे बघत आवाज खाली आणला.

"सर, त्या स्क्रूला हात लावू नगा. फुडल्या महिन्यात आमच्या नातीचं लगीन हाय, आन् आशीर्वाद द्यायला लय पुढारी येणार हायती. ही गाडी मांडवाच्या दारात आणून लावा." ते आणखी जवळ सरकले. "माझ्या भाषणापुरतं तेवढं बटण दाबून हिला गप ठेवा."