हार्लन टेश यांच्या शेवटच्या पिंपाचा फेस

शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास, विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गावच्या लुथरन चर्चच्या तळघरात, दिवंगत हार्लन टेश यांनी घरी केलेल्या शेवटच्या बिअरचा पहिला ग्लास भरण्यात आला. त्यात बिअर नव्हती. फेस होता. दुसऱ्या ग्लासातही फेसच होता. तिसरा ग्लास गृहबिअर संघाचे अध्यक्ष डेल्बर्ट श्रोफर यांनी स्वतः हाती घेतला आणि नियमाप्रमाणे तिरका धरून भरला. त्यात तिरका फेस आला.

माणसाच्या हातची बहुतेक कामं घाईने बिघडतात आणि उरलेली एकमताने. या दोन्ही सोयी एकाच छपराखाली उपलब्ध असलेली संस्था म्हणजे आमचा संघ.

पिंपातल्या बिअरमध्ये वायू भरण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला सज्जनांचा. थंड पिंपाला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडायचा, रेग्युलेटरवरचा दाबाचा काटा बारा पौंडांवर आणायचा आणि दोन आठवडे दुसरं काहीतरी करायचं. दुसऱ्या मार्गात काटा तिसावर नेतात, पिंप मांडीवर आडवं घेतात आणि रडक्या पोरासारखं हलवतात. पाव तासात काम होतं. (या मार्गाला आमच्या संघाने नाव दिलेलं नाही. नाव दिलं की तो अस्तित्वात आहे असं धरावं लागेल.)

हार्लन टेश हे पहिल्या मार्गाचे गावातले सर्वात मोठे पाईक. एकतीस वर्षांत त्यांनी एकही पिंप हलवलं नाही. हिरवा दिवा लागल्यावरही तो नक्की हिरवाच आहे ना, हे पाहून गाडी पुढे काढणारा हा माणूस. त्यांची बिअर स्पर्धांमध्ये बक्षिसं मिळवत असे आणि ती इतकी कडू असे की परीक्षकांना बक्षीस देण्यावाचून दुसरं काही सुचत नसे. घरी त्यांच्या पत्नी लावॉनबाई प्रत्येक वेळी एक घोट घेत, ग्लास खाली ठेवत आणि म्हणत, "वेगळीच आहे हं." आमच्या भागात याहून कडक टीका कोणी करत नाही. घर जळताना पाहिलं तरी आम्ही आधी उजेड चांगला पडलाय म्हणतो.

या वेळी मात्र पिंप भरताना हार्लन म्हणाले होते, "लावॉन, ही तुझ्यासाठी. कडू नाही केलेली." त्यानंतरच्या रविवारी ते दुपारी खुर्चीत झोपले आणि उठले नाहीत. पिंप भरलेलं होतं. वायू जोडायचा राहिला होता.

सोमवारी संघाची तातडीची सभा डेल्बर्ट यांच्या गॅरेजमध्ये भरली. लावॉनबाई स्वतः आल्या.

"शनिवारी अंत्यविधीनंतर जेवण आहे चर्चमध्ये," त्या म्हणाल्या. "मला तिथे त्या बिअरचा एक ग्लास हवाय. बाकीचं तुम्ही संपवा."

"शनिवारी?" डेल्बर्ट म्हणाले. "अगं, पाच दिवसांत वायू मुरत नाही. दोन आठवडे लागतात. हार्लननेच शिकवलंय आम्हाला."

"हार्लनला आता कुठली घाई आहे? मला आहे. एकतीस वर्षं मी सांगत होते, कडू कमी कर म्हणून. त्यानं ऐकलं की नाही, एवढंच बघायचंय मला."

"सपाट देऊ का मग? बिनफेसाची?" खजिनदार मायरन कुबियाक यांनी विचारलं.

"मायरन, तो माणूस एकतीस वर्षं फेसावर भाषणं देत होता. त्याच्या जेवणाला सपाट बिअर वाढू?"

यावर सभेत सखोल चर्चा झाली. अंत्यविधी दहा दिवस पुढे ढकलावा, अशी सूचना आली. संघाचे सभासद आणि चर्चचे पाद्री असलेल्या ओरेन लिंडविग यांनी तिला अनुमोदन दिलं. परंतु त्या तारखेला तळघरात महिला मंडळाची गोधड्यांची विक्री ठरलेली असल्याने सूचना बारगळली. (मृत्यू पुढे ढकलता येतो, गोधड्या नाही.) अखेर पुढील ठराव एकमताने संमत झाला: काटा बारावर राहील. पिंप कोणीही, कोणत्याही परिस्थितीत, हलवणार नाही. शनिवारी अर्धवट वायूची का होईना, पण तत्त्वाची बिअर वाढण्यात येईल. हार्लन यांच्या स्मृतीला याहून योग्य आदरांजली नाही. मतदानाच्या वेळी दोघांचे डोळे पाणावले होते. लावॉनबाईंचे कोरडे होते.

टेश यांच्या गॅरेजमधल्या फ्रिजात पिंप ठेवण्यात आलं. संघाचा सिलिंडर जोडला. काटा बारावर. दररोज सकाळी तपासणी उपसमिती (डेल्बर्ट) येऊन काटा पाहत असे आणि तो दररोज बारावर असे. संघाच्या इतिहासात एखादा ठराव इतक्या काटेकोरपणे पाळला गेल्याची दुसरी नोंद नाही.

त्या आठवड्यात सभासद एकेकटे लावॉनबाईंच्या सांत्वनाला गेले. दुःखाच्या घरी आमच्याकडे रिकाम्या हाताने जात नाहीत. ओव्हनमधून काढलेलं काचेचं भांडं घेऊन जातात. त्यात टूना आणि नूडल्स असतात, किंवा चीज घातलेले बटाटे, किंवा मशरूमच्या सुपात बुडवलेल्या फरसबीच्या शेंगा, आणि भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकाचं नाव लिहिलेलं असतं. दुःख कितीही मोठं असलं तरी भांडं परत यावं लागतं. प्रत्येकाने लावॉनबाईंचा हात हातात घेतला, हवेविषयी दोन वाक्यं बोलून घेतली आणि जाताना, आलोच आहोत तर, गॅरेजमध्ये डोकावून पिंपाचंही सांत्वन केलं. हे सांत्वन सरासरी पाव तास चाले.

आणि मग शनिवार उजाडला. तळघरात हॅमचे सँडविच, बटाट्याचं सॅलड, तीन रंगांची जेली आणि मधोमध बर्फाच्या टबात उभं केलेलं पिंप. त्यातून काय निघालं ते वर आलंच आहे.

लोक हातात फेसाचे ग्लास घेऊन उभे राहिले. कोणी तक्रार केली नाही.

"वेगळीच आहे हं," एक बाई म्हणाल्या.

"हलकी आहे पोटाला," त्यांचे यजमान म्हणाले आणि नाकावरचा फेस पुसला.

संघाने जागच्या जागी चौकशी सुरू केली. रबरी नळी आखूड आहे, असं मायरन यांचं मत पडलं. नळी मापात भरली. ग्लासांना साबण राहिला असेल, असं पाद्री म्हणाले. ग्लास धुणाऱ्या बायकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी मत मागे घेतलं. तळघर उबदार आहे. गाडीतून आणताना पिंप डचमळलं असेल. तोटी अर्धवट उघडली गेली. पाच कारणं तपासली, पाचही निर्दोष सुटली. तेव्हा डेल्बर्ट खुर्चीवर चढले.

"दोस्तहो, मला विचारायला लाज वाटते. पण या पिंपाला कोणी हात लावला होता का? लावला असेल त्याने हात वर करावा. कोणी काही बोलणार नाही."

कोणी हात वर केला नाही.

लावॉनबाई उठल्या आणि स्वयंपाकघरातून एक ढकलगाडी घेऊन आल्या. तिच्यावर धुतलेल्या काचेच्या भांड्यांची चळत होती. त्यांनी वरचं भांडं उलटं करून बुडाची पट्टी वाचली.

"मायरन, हे तुझं. नूडल्स छान झाल्या होत्या. सिलिंडर मात्र दारात घासत नेलास, रंग उडालाय बघ."

मायरन यांनी भांडं घेतलं.

"ओरेन, हे तुझं. आणि पिंप हलवताना स्तोत्र नको म्हणत जाऊस. शेजारपर्यंत ऐकू येतं."

अशी दहा भांडी वाटली गेली. प्रत्येकाने आपला सिलिंडर घरून आणला होता, संघाचा काढून आपला जोडला होता, काटा तिसावर नेऊन मनसोक्त हलवलं होतं आणि संघाचा सिलिंडर परत लावून ठेवला होता. त्यामुळे संघाचा काटा पूर्ण प्रामाणिकपणे बारावरच राहिला. प्रत्येकाला वाटलं होतं, की बाकीचे तत्त्वाला चिकटून बसणार. बिचाऱ्या लावॉनला निदान आपण तरी ग्लासभर धड बिअर द्यावी.

"बाई गं, तू एकाला तरी अडवायचंस!" डेल्बर्ट म्हणाले.

"मला काय कळतंय त्यातलं? हार्लनने कधी जवळ येऊ दिलं का? एकापाठोपाठ एक येताय, मला वाटलं, अशीच तुमची पद्धत. आणि जो तो म्हणे, कोणाला बोलू नकोस. मी बोलले नाही."

"मग आत्ता सगळ्यांसमोर का सांगतेस?"

"मी कुठे सांगतेय? भांडी परत करतेय." त्यांनी चळतीतलं शेवटचं भांडं उलटं केलं. "डेल्बर्ट, हे तुझं. तू दोनदा आलास, पण भांडं एकदाच आणलंस."

अध्यक्ष खुर्चीवरून उतरले.

यावर उपाय सोपा आहे. वायू तोडायचा, पिंपाच्या झाकणावरची कडी ओढून दाब सोडायचा, थांबायचं, पुन्हा ओढायची. संध्याकाळपर्यंत बिअर ताळ्यावर येते. संघाच्या नियमानुसार पहिली कडी ज्याने दाब जास्त भरला त्याने ओढायची असते. त्यासाठी डेल्बर्ट यांनी, आता खालूनच, पुन्हा विचारलं. पण अकराही सभासदांच्या हातात भांडी होती, आणि हात वर करायला एकाचाही हात मोकळा नव्हता.

हे लिहीपर्यंत कडी कोणी ओढलेली नाही. पहिला ग्लास लावॉनबाईंच्या पुढ्यात, हार्लन यांच्या फोटोशेजारी आहे. त्यातला फेस बसत चालला असून तळाशी दोन बोटं फिकट पिवळी बिअर जमली आहे. ती कडू आहे की नाही हे अद्याप कळलेलं नाही, कारण बाईंनी ग्लास अजून उचललेला नाही.

आपण तिथे असतो तर केव्हाच हात वर केला असता, अशी ज्या वाचकांची खात्री आहे, त्यांनी तो आत्ता वर करायला हरकत नाही. कोणी बघत नाही ना, हे आधी पाहून घेतलंत, तेवढं आमच्या संघाच्या सभासदत्वाला पुरेसं आहे.