तात्यांचं धुराडं

अमावस्येला आमच्या अवसरी गावात कुणी औत जुंपत नाही. आमचे शेजारी तात्या त्या दिवशी पत्र्यावर चढतात. दोरीला दगड, दगडाच्या वर काथ्याचा बोळा, आणि ते सगळं चुलीच्या धुराड्यात सोडून वरून ओरडतात, "अगं, पडली का काजळी?" खाली काकी तोंडाला पदर बांधून, घमेलं धरून बसलेल्या. "पडली. उतरा आता." तरी ते आणखी एकदा बोळा फिरवतातच.

घरात गॅस आहे, पण भाकरी चुलीवरच. चहा चांगला झाला तरी श्रेय पत्तीला नाही. "धुराडं मोकळं हाय म्हून," तात्या सांगतात. गॅसवरच्या चहालासुद्धा.

या वेडाच्या मुळाशी निव्वळ मत्सर आहे. ती चूल बांधली पिंपरी पेंढारच्या एका मिस्त्रीने. पहिल्याच दिवशी भाकऱ्या थापताना काकी सहज बोलून गेल्या, "मिस्त्रीच्या हाताला गुण हाय. डोळ्याला पाणी न्हाई आलं." तेव्हापासून गावात कुणी त्या मिस्त्रीचं नाव काढलं की तात्या उठतात. "चूल काय, कुणीबी बांधतंय राव. धुराडं राखावं लागतं." एका लग्नात तो पंगतीत समोर बसला, तर तात्या जिलेबी टाकून उठले.

मी हसायचे. पण खरं सांगते, मला काकींचा फार हेवा वाटायचा. आमच्या ह्यांनी लग्न झाल्यापासून पंखासुद्धा पुसलेला नाही.

यंदा तात्यांचा गुडघा गेला. मंचरला नोकरी करणाऱ्या मुलाने शिडी कुलपात टाकली आणि अमावस्येला नेमका त्याच मिस्त्रीला घेऊन आला. धुराडं झाडून झालं, काकींनी चूल पेटवली. मी शेजारीच बसले होते. धूर कसा सरळ वर गेला. मिस्त्री कौतुकाची वाट बघत दारात उभा. तात्या ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसलेले, कान मात्र आत.

काकींनी भाकरी उलटली. मग पदराने डोळे चोळायला लागल्या. "धूर व्हतोय बाई."

धुराचा पत्ता नव्हता. मिस्त्रीचं तोंड उतरलं.

"म्हनलं व्हतं ना," करत तात्या गुडघा ओढत आत आले. काकींजवळ कसेबसे टेकले, डोक्यावरची टोपी काढली आणि तिनेच त्यांच्या तोंडाला वारा घालू लागले. "पुढल्या टायमाला मी खालनंच काढतो. शिडी कशाला पायजे?"

"तुमीच काढा," काकी म्हणाल्या. आता त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं.

मी घरी आले. हे टीव्हीसमोर बसले होते. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाले, "अहो, धूर होतोय."

"आपल्याकडं गॅस हाय," हे म्हणाले.