सभा तहकूब, नळ आले

उस्मानपुऱ्यातल्या त्या चार मजली इमारतीत सोसायटी स्थापन करायची सभा तिसऱ्यांदा भरली, तेव्हा संघपालचं डोकं आधीच तापलेलं होतं. पहिल्या सभेला माणसंच नव्हती. दुसरीला माणसं होती, पण कुणाच्या तरी मुलीचं लग्न जमल्याची बातमी आली आणि सभेचे पेढे झाले.

संघपालला अध्यक्षपदाची हौस नव्हती. त्याला लिफ्ट हवी होती. पावसाळ्यापासून ती बंद होती आणि बिल्डर म्हणत होता, आता तुमची सोसायटी करा अन् तुम्हीच बघा. चौथ्या मजल्यावर संघपालची आई, गीताबाई, गुडघे धरून कोंडून पडली होती.

पार्किंगमध्ये सतरंजी अंथरली होती. एकुलत्या एक खुर्चीवर पहिल्या मजल्याचे काकासाहेब बसले. "लिफ्ट वरच्यांची," ते म्हणाले. "सोसायटी झाली की भुर्दंड मात्र आमालाबी!" खालच्या मजल्यांची मंडळी मुंड्या हलवू लागली. त्यांच्या सह्यांशिवाय बहुमत होत नव्हतं.

"काकासाहेब, माझ्या आईला जिना उतरताच येत नाही हो," संघपाल काकुळतीला आला. "दिवाळी गेली, तिनं रस्ता बघितला नाही."

तळमजल्याच्या इंद्रजीतनं मान खाली घातली. काकासाहेबांनाही पाझर फुटला. "आना तो कागद," म्हणत त्यांनी पेन उघडलं.

एवढ्यात फाटकाजवळून कुणीतरी ओरडलं, "नळ आले!"

या शहरात नळ आठवड्याने येतात, तेही न सांगता. अशा वेळी दारात यम उभा राहिला तरी लोक त्याला आधी हंडा धरायला लावतील. सतरंजी क्षणात रिकामी झाली आणि पार्किंगमधल्या नळावर झुंबड उडाली. संघपाल कपाळाला हात लावून बसला. तोच जिन्यात चपला वाजल्या आणि काखेत कळशी घेऊन गीताबाई अवतरल्या.

"सरक रे इंद्रजीत! माझा नंबर पयला."

काकासाहेबांनी पेनाला टोपण लावलं. "संघपालराव, जिना उतरता येत नाय त्या ह्याच का?"

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं संघपालला झालं. "आई, तू खाली आलीसच कशी?"

"सून ड्यूटीवर, तू सभेत. मग घर कोरडं ठिवू का?" गीताबाईंनी भरली कळशी उचलली, एक पायरी चढल्या आणि मटकन खाली बसल्या. "आगं माय! पान्याच्या नादात उतरले खरी. आता चढू कशी?"

गुडघे खरोखरच टरारून सुजले होते. शेवटी त्यांना काकासाहेबांच्या खुर्चीवर बसवलं. नंतर बोल नको म्हणून खुर्ची उचलायला एका बाजूला काकासाहेब लागले, दुसऱ्या बाजूला इंद्रजीत आणि मागून संघपाल. कळशी गीताबाईंनी मांडीवरून सोडली नाही.

"हळू रे बाबांनो, पानी हिंदकळतंय."

दुसऱ्या मजल्यावर काकासाहेबांचं बोलणं थांबलं. तिसऱ्यावर त्यांनी कंबर धरली. चौथ्यावर खुर्ची टेकवून ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि त्यांनी नुसताच हात पुढे केला. संघपालनं त्यात कागद ठेवला. सही झाली. पाठोपाठ इंद्रजीतची झाली, आणि काकासाहेबांची झाली म्हटल्यावर बाकीच्यांची अडायचं कारणच नव्हतं.

"लिफ्ट कधी चालू व्हनार?" काकासाहेबांनी धापा टाकत विचारलं.

"नोंदणी, मग दुरुस्ती... दोनतीन महिने तरी धरा."

"धरू की," गीताबाई खुशीत म्हणाल्या. "लई चांगली मान्सं हायेत रे ही. खुर्ची हितंच ऱ्हाऊ द्या. रविवारी मला हर्सूलला भनीकडं जायचंय."